डॉक्टरकाकूंची नऊ पानं

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते इथे लिहितो. डॉक्टरकाकूंचा लेख आमच्या मंडळाच्या कमिटीने नाकारला नव्हता, तो कमिटीपुढे गेलाच नव्हता. मी सेक्रेटरी, त्यामुळे लेख माझ्याकडे आला आणि तीन वर्षं माझ्याच खणात पडून राहिला. आणि हे मी केलं कुणाच्या बाबतीत? तर जिच्याइतकं जीव लावून पुस्तक वाचणारी बाई अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये सापडणार नाही, तिच्या.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या, हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या भूलतज्ज्ञ. "पस्तीस वर्षं लोकांना झोपवलं, आता स्वतः जरा जागी राहते," म्हणून लायब्ररीत जायला लागल्या. तिथे एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर भाकरी थापणारी बाई दिसली म्हणून त्यांनी ती उचलली. भाकरी मेक्सिकोची निघाली, बाई टेक्सासची, आणि काकू कायमच्या त्या घराण्यात गेल्या. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको, कुठून कुठून अमेरिकेत आलेल्या घरांतल्या लेकींनी लिहिलेलं जे मिळेल ते त्यांनी वाचलं. इथलं संपल्यावर लेस्टरहून मागवलं. त्या पात्रांबद्दल बोलायच्याही अशा, की "टेक्सासच्या मुलीचं काही खरं नाही गं, घरी स्पॅनिश बोलणंच सोडलंय तिने," हे ऐकून माझी बायको ती काकूंची भाची समजून तीन महिने तिची चौकशी करत होती. काकूंनीही दर वेळी मनापासून खुशाली कळवली. मला त्या 'मिहो' म्हणत. तिकडच्या आया मुलाला म्हणतात तसं, माझ्या लेका.

यातल्या काही लेखिका आपले स्पॅनिश शब्द तिरप्या टायपात टाकत नाहीत, कंसात त्यांचा अर्थही देत नाहीत, याचं काकूंना भारी कौतुक. तेव्हापासून त्यांनीही अर्थ सांगणं बंद केलं. लायब्ररीच्या वाचनगटात एकदा त्या डबा घेऊन गेल्या. एका गृहस्थांनी विचारलं, हा पॅनकेकचा प्रकार का? काकू म्हणाल्या, "नो. थालीपीठ." तिखट असतं का? "थालीपीठासारखं असतं." दोन महिन्यांत तो अख्खा गट, उच्चाराचे जमतील तेवढे हाल करत, थालीपीठ मागायला लागला. मी मात्र ऑफिसात डबा उघडताना आधीच खुलासा करणारा माणूस. काकूंना ते ठाऊक होतं. "मिहो, तू जन्मभर कंसात जगणार," एवढंच म्हणाल्या.

मग एका गणपतीच्या आधी त्यांनी हाताने लिहिलेली नऊ पानं माझ्या हातात ठेवली. या लेखिकांवर, मराठीत. म्हणाल्या, "आपल्या लोकांसमोर वाचायचंय रे. एकदाच."

मी पाचव्या पानापर्यंत वाचलं. त्यात एका कादंबरीतली मुलगी होती. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईबद्दल बाईंनी विचारल्यावर ती सांगते, आमच्याकडे कामाला येते. खाली काकूंनी लिहिलं होतं, "हे फक्त पुस्तकात होत नाही. आपल्या मंडळातही झालंय. कुणी केलं ते मला माहीत आहे." पान तिथे संपलं. मी लेख बॉयलरच्या गॅरंटीच्या कागदाखाली सरकवला आणि काकूंना सांगितलं, कमिटी म्हणते मुलांचे कार्यक्रमच फार झालेत.

कारण ते मी केलं होतं. लेख येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आली होती. मुलीच्या शाळेच्या समर फेअरमध्ये, साडीवर माझं जुनं जॅकेट आणि पायात बूट घालून, ती रोपांच्या स्टॉलवर मराठीत घासाघीस करत होती. माझ्या ऑफिसातल्या एक बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, या तुमच्याबरोबर आहेत का? मी म्हणालो, शेजाऱ्यांच्या आहेत, लिफ्ट दिलीय. आईला इंग्रजी येत नाही असं मी धरून चाललो होतो. परत जाताना ती पुढच्या सीटवर बसली नाही. रोप मांडीवर घेऊन, न सांगता, मागे बसली.

गेल्या महिन्यात बॉयलर बंद पडला. गॅरंटी शोधताना ती पानं हाताला लागली, आणि मी सहावं पान वाचलं. "ती मी," असं त्याची सुरुवात होती. "धोतरावर ओव्हरकोट घातलेले माझे वडील, दादा, वॉर्डच्या दारात उभे होते. मी सिस्टरला सांगितलं, कुणा पेशंटचे नातेवाईक असतील. दादा तसेच, पेशंटच्या नातेवाइकांसारखे, बाकावर बसून राहिले." माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. काकूंना माझं काही माहीतच नव्हतं.

आता काकू लंडनला, एजवेअरमध्ये लेकीकडे असतात. नजर गेली आहे, लेख स्वतः वाचता येणार नाही. फोनवर अजून विचारतात, "मिहो, कमिटी बदलली का रे?" मी म्हणतो, बघतो काकू. त्या म्हणतात, बघ. रागाचा एक शब्द नाही. मग टेक्सासकडची खुशाली सांगतात.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्या ऑफिसातल्या बाई अजून माझ्या समोरच्याच टेबलावर बसतात. या गणपतीत काकूंना हॉलमध्ये पुढे बसवून त्यांची नऊ पानं वाचायची, हे माझ्याकडे राहिलं आहे. आणि समोरच्या टेबलापाशी जाऊन एवढंच सांगायचं राहिलं आहे, की त्या दिवशी स्टॉलवर होती ती माझी आई.