मशीनलाच विचारणारे मामा

आकडा ऐकीव असता, तर माझ्या बायकोच्या मामांनी स्वतःच्या वयावरही विश्वास ठेवला नसता. मी नोएडातल्या ज्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे, तिथेच ते माझे वरिष्ठ होते. ऑफिसात मी त्यांना कसोशीने 'सर' म्हणायचो आणि ते भर मीटिंगमध्ये मला 'जावईबापू' म्हणायचे. एकदा सोफा आवडला, तर तो दारातून नक्की जाईल असं दुकानदार शपथेवर सांगत असताना मामा मेट्रोने घरी जाऊन दाराचं माप घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीनंतर गुडघे साधारण असेच दुखतात. मामा म्हणाले, "साधारण राहू द्या, हा गुडघा बघा."

आमचं सॉफ्टवेअर एखाद्या मशीनवर बसवण्याआधी एक स्क्रिप्ट त्या मशीनची चौकशी करते. फाइलचं नाव जास्तीत जास्त किती लांब चालेल, असल्या मर्यादा प्रत्येक सिस्टिम 'हेडर' नावाच्या आपल्या फाइल्समध्ये लिहून ठेवते. बाकीचे लोक पाठ असलेला आकडा टाकून मोकळे होतात. मामांची स्क्रिप्ट मात्र हेडर उघडून आकडा वाचायची, आणि तिथे नाहीच सापडला तर एक चिमुकला प्रोग्रॅम चालवून मशीनच्याच तोंडून वदवून घ्यायची. आमची मॅनेजर, दिल्लीत वाढलेली पंजाबी मुलगी, एकदा वैतागून म्हणाली, "सर, नंबर सबको पता है. लिख दीजिए ना." मामांनी लिहिला नाही, म्हणून तिने स्वतःच स्क्रिप्टमधली चौकशी काढून तिथे तो लिहिला. मामांनी सौम्य शब्दांत नाराजी कळवली आणि डबा उघडला.

ते सॉफ्टवेअर गेलं पानिपतच्या एका चादरींच्या कारखान्यात. तिथलं मशीन जुनाट, लांब नावांची शेपटं निमूटपणे कापणारं. त्यात मालक प्रत्येक डिझाइनचं नाव आपल्या आजोबांच्या नावापासून सुरू करायचे. शेपूट गेल्यावर दोन डिझाइनांची नावं एकच झाली आणि एक दुसऱ्याच्या जागी जाऊन बसलं. गुरुग्राममधल्या एका बड्या हॉटेलसाठी वेलबुट्टी विणायची होती. मागावरून उतरले ते गाजर खाणारे ससे.

मालकांचा फोन आला तेव्हा नोकरी गेलीच असं मॅनेजर धरून चालली. मामा तिला घेऊन कॅबने पानिपतला निघाले, मीही बसलो. त्या रस्त्यावर मराठी माणसाला जो विनोद सुचतो तो मी करून पाहिला. कुणी हसलं नाही. मामांनी मालकांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, चूक आमच्या टीमची असं सांगितलं आणि आपली जुनी स्क्रिप्ट चालवली. मशीनने आपला आकडा मुकाट्याने सांगितला. परतताना मॅनेजर रडवेली होऊन माफी मागू लागली, तेव्हा मामा म्हणाले, "नंबर सही था, बेटा. बस, किसी और मशीन का था." सशांच्या चादरी मालकांनी पुढे एका नर्सरी शाळेला खपवल्या आणि आम्हाला मिठाई पाठवली.

त्यानंतरच्या थंडीत माझे वडील गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण मला सांगून जायचा, की मोठ्या मुलाने खंबीर राहायचं असतं, वर्षभरात माणूस सावरतो. मामा आले, माझ्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तुम्हाला कसं वाटतंय, जावईबापू?" सोबत आलेल्या मामींनी निघायची खूण केली तरी ते हलले नाहीत. मी बोलेपर्यंत तसेच बसून राहिले.

आता निवृत्त होऊन ते मुलीकडे बंगळुरूला राहतात. ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज कुणी ना कुणी मला विचारतं, कैसे हो. मी सांगायला तोंड उघडतो, तोवर त्यांचा मजला आलेला असतो.