एराक्लिओ उमान्याचं शेवटचं सिलिंडर

व्हियाव्हिसेन्सिओच्या विमानतळावर एराक्लिओ उमान्याला सगळे उस्ताद म्हणत. "हाक मोठी आणि कंबर मोडकी," असं त्याची बायको नूबिया म्हणे. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो जुन्या पंख्यांच्या विमानांवर मेकॅनिक होता. जंगलातल्या ज्या गावांना रस्ता नाही तिथे ही विमानं गॅसच्या टाक्या, बिअरची खोकी, कोंबड्या आणि माणसं एकाच पोटात घालून नेत. मेकॅनिक प्रत्येक फेरीला बरोबर जाई, कारण तिकडे काही मोडलं तर हाक मारायला कुणी नसे.

एके काळी सकाळी मैदानावर इतकी इंजिनं एकदम गरम व्हायची, की कुंपणापलीकडच्या नूबियाच्या टपरीत बश्या थरथरत. तरणा एराक्लिओ कॉफीच्या निमित्ताने त्या बश्या धरून ठेवायला जाई. त्यातूनच लग्न जमलं. आता कंपनीचं एकच विमान उडत होतं. बाकीची गवतात चाकं रुतवून उभी होती आणि लागेल तो भाग एराक्लिओ त्यांच्यातूनच काढून आणी. ज्यांच्यावर जन्म घालवला त्यांचीच हाडं उपसायची, याचा त्याला शीण आला होता.

त्या वर्षी मालकाने नवीन टूम काढली. जुन्या विमानांची हौस असलेले परदेशी पाहुणे मालाच्या फेरीला बरोबर घ्यायचे. पहिल्याच फेरीला सहा जण आले. इंजिन खोकलं, निळा धूर सुटला, तसे ते लहान पोरांसारखे टाळ्या पिटू लागले. त्यांच्यात मार्येका नावाची एक हॉलंडची म्हातारी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडत होती.

"हिला काय झालं?" एराक्लिओने विचारलं.

"धूर गेला असेल डोळ्यांत," कॅप्टन अर्सेसिओ म्हणाला. "तू तुझं तेल बघ."

नदीकाठच्या गावात माल उतरला. परत निघताना कॅप्टनने इंजिनाला जोर दिला आणि उजवं इंजिन अंगात आल्यासारखं थडथडू लागलं. पंखावर काळं तेल उडालं. एराक्लिओने वर चढून पाहिलं. इंजिनाचं एक सिलिंडर तडकलं होतं.

"कधी होईल?" कॅप्टनने खालूनच विचारलं.

"सिलिंडर आल्यावर. आणि ते आपोआप चढत नाही."

बदली सिलिंडर दुसऱ्या दिवशी एका छोट्या विमानातून आलं. उन्हाने पत्रा तापलेला, डास कानात शिरत होते, आणि एराक्लिओ शिडीवर वाकून नट सोडवत होता. खाली पाहुण्यांचा नुसता सण चालला होता. कुणी त्याच्या हातांचे फोटो काढी, कुणी सांडलेलं तेल बोटावर घेऊन हुंगे.

"उस्ताद, जरा इकडे बघा ना!"

"इकडे बघितलं तर पाना तुमच्या डोक्यात पडेल," तो म्हणाला. त्यावरही सगळे हसले.

दुपारी बाकीचे नदीवर गेले. मार्येका मात्र पंखाच्या सावलीत खोक्यावर बसून राहिली. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिने विचारलं, "हे सगळं संपलं की तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल, नाही?"

"बाई, तुम्ही या विमानाच्या आत बसलात, मी त्याच्या खाली झोपलोय. दोघांना एकच कसं वाटेल?"

तिला राग आला नाही. ती म्हणाली, "मी सहा वर्षांची होते. वडील गेले आणि आई मला अशाच विमानातून घरी घेऊन आली. आई वाटभर रडत होती, पण इंजिनाच्या आवाजात मला कळलंच नाही. मला वाटलं, ती गातेय."

एराक्लिओचा हात थांबला. मग म्हणाला, "तो नट द्या जरा. तुमच्या पायाशी पडलाय."

संध्याकाळ व्हायच्या आत सिलिंडर बसलं. चाचणीला इंजिन एकदाच शिंकलं आणि सुरात लागलं. ती रात्र गावातच काढून सकाळी विमान निघालं. एराक्लिओ नेहमीच्या जागी, दोन वैमानिकांच्या मागे उभा राहिला. पाठीतून कळ आली. समोरच्या तबकड्यांवरचे काटे त्याला दोन-दोन दिसत होते, आणि हे गेले काही महिने चाललं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मागे एवढी माणसं बसलीत, म्हातारीही बसलीय, हा विचार आला आणि त्याने वैमानिकाच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

उतरल्यावर तो कॅप्टनला म्हणाला, "मी थांबतो आता."

"कॉफीला? थांब की."

"कायमचा. मला काटे नीट दिसत नाहीत."

अर्सेसिओ आधी हसला, मग त्याच्याकडे वळला. "अरे गाढवा, आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुझ्याबरोबर कोण आलं असतं?"

कॅप्टनने शिव्या दिल्या, मग मिठी मारली. दोघांच्या शर्टांना तेल लागलं. महिन्याभराने दुसरा मेकॅनिक आला. अर्सेसिओने एकदा घरी निरोप पाठवला, इंजिन चालू होत नाहीये, नुसतं येऊन ऐक. एराक्लिओ गेला नाही. मध्यंतरी डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं; डॉक्टरांची मनाई आहे, असं त्याने कळवलं. मनाई वगैरे काही नव्हती. त्याला फक्त जायचं नव्हतं. आणि जावंसं न वाटल्याचं दुःख मात्र त्याला दिवसभर पुरलं. दुपारी ते इंजिन त्याच्यावाचून सुरू झालं. आवाज छपरावरून गेला तेव्हा तो ताटातली केळी चिवडत बसला होता.

"जेव ना," नूबिया म्हणाली.

"जेवतोय."

पुढच्या जानेवारीत नूबियाने टपरी बहिणीकडे सोपवली आणि नवऱ्याला बसमध्ये घालून सांता मार्ताला समुद्र दाखवायला नेलं. जन्मभर ढगांतून फिरलेल्या माणसाने समुद्र पाहिलाच नव्हता. वाटभर तो खिडकीवर डोकं आपटत झोपला. किनाऱ्यावर पोचल्यावर त्याने थोडा वेळ पाणी पाहिलं, "बराच मोठा आहे," एवढंच म्हणाला आणि वाळूत आडवा झाला. डोळा लागलाच. नूबियाने त्याच्या पायांतले बूट काढून बाजूला ठेवले, तोंडावर टोपी सरकवली आणि घागरा जरा उचलून ती एकटीच पाण्यात शिरली.