बांगेची वेळ

आमच्या गल्लीत देऊळ आणि मशीद समोरासमोर आहेत. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून शांतता समिती काढली, तेव्हा एक रीत ठरली: बांग सुरू झाली की भजन थांबवायचं. घटकाभर गप्प बसण्यात कसलं आलंय समाजकार्य, असं मला वाटायचं.

दंगलीनंतर पलीकडची घरं रिकामी झाली, मशिदीला कुलूप लागलं. काल संध्याकाळी भजन रंगात आलं असताना तात्यांनी पखवाजावरून हात उचलला. टाळही थांबले.

"तात्या, आता कुठली बांग?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"हात आपोआप थांबतो रे," तात्या म्हणाले.

पुन्हा सुरुवात कुणीच करेना. देवळात शांतता, मशिदीत शांतता. आमच्या समितीचं नाव असं खरं व्हायला नको होतं.