आधी आपलं काढून ठेवा

बपेरा गावचा टेकचंद जितका सरळ, तितकाच हट्टी. १९८७ साली तो भंडाऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात नदीची पातळी मोजणारं यंत्र बनवत होता. जुना प्रोसेसर मिळेनासा झाला, म्हणून मालक वासुदेवरावांनी नवा आणला. माणसाने लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या हुकमांत उतरवतो तो कंपायलर. त्याला आणि त्याच्या जोडीच्या साधनांच्या सगळ्या गोतावळ्याला या नव्या पाहुण्या प्रोसेसरच्या रीतीभाती शिकवायचं काम टेकचंदकडे आलं. तीन महिने बिचारा त्यातच बुडालेला.

यंत्र मात्र वेड्यासारखं करी. नदी जागच्या जागी आणि आकडा दोन मीटर वर! वासुदेवराव वैतागले.

"टेकचंद, सोमवारपर्यंत नाही जमलं तर हे काम पुण्याले पाठवतो. तुमीबी तिथंच जा."

वडील गेल्यापासून टेकचंदची आई, चंद्रभागाबाई, गावी एकटी होती. तिला सोडून पुण्याला जायचं कसं? पण पठ्ठ्या चूक कबूल करील तर शपथ! "माहं काही चुकलं नाही जी. चिपाच खराब हायेत," म्हणाला. वासुदेवरावांनी चिपा परत करायचं पत्र टाईप करून ठेवलं.

रविवारी तो एसटीने घरी गेला. आई ओसरीवर तीळ निवडत होती. शेजारची रुखमा टोपली मागायला आली, तशी आईने तीळ डब्यात ओतले आणि रिकामी टोपली तिच्या हातात दिली. संध्याकाळी टोपली परत आली, तळाशी ओंजळभर लाखोरीची डाळ. उसनं भांडं तिकडे कोणी रिकामं परत करत नाही.

"तीळ कायले काढले वं माय? ती वापसच देणार होती ना," टेकचंदने सहज विचारलं.

"टोपली वापस येते रे बाबू. माहे तीळ ती कायले सांभाळन? ज्याचं त्यानं आधी काढून ठेवा लागते."

टेकचंद ताडकन उठला. प्रोसेसरच्या पोटात आकडे ठेवायचे छोटे छोटे खण असतात. प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याला काम सांगतो तेव्हा हे खण त्याला उसने देतो. टेकचंदने कंपायलरला बजावलं होतं, की घेणारा खण होते तसेच परत करील. सरळ माणूस ना! त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामात दोन्ही बाजू हीच रीत पाळत, म्हणून सगळं सुरळीत चाले. पण चिपसोबत आलेला भागाकाराचा तयार प्रोग्राम कंपनीच्या रीतीने चाले: तुमचं आधी काढून ठेवा, खण परत येईल तेव्हा त्यात दुसरंच काही असेल. पातळीचा हिशेब तिथेच बिघडत होता. पुस्तकात तसं स्वच्छ छापलं होतं. यानं वाचलंही होतं, आणि जुन्या सवयीने पुढे गेला होता. हात्तिच्या!

सोमवारी त्याने कंपायलरच्या ‘होते तसे परत येणारे खण’ या यादीतून चार खण काढले आणि सगळा प्रोग्राम पुन्हा उतरवला. दुपारपर्यंत आकडा नदीएवढाच.

"म्हणजे ही एक चिप चांगली निघाली म्हणायची!" वासुदेवराव खूश झाले. पत्र टेबलावरच होतं. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं?

"साऱ्याच चांगल्या हायेत जी," टेकचंद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "चूक माही होती."

वासुदेवरावांनी पत्र फाडलं. "पुण्याचं राहू द्या आता. सारी यंत्रं इथंच बनवा."

दोन वर्षांनी चंद्रभागाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा त्यांचं डोकं टेकचंदच्या मांडीवर होतं.