टायरचा फुगा आतल्या बाजूला
मोशीहून चाकणला जाताना हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं काम करणारे एक चाचा आहेत. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळं. मी आठवीतून शाळा सोडलेला, लातूरकडचा माणूस. जमेल तसं सांगतो.

मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. चार बायकांना दुपारच्या शिफ्टला चाकणच्या कंपनीत सोडायचं. गेटवर तपासल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. आदल्याच आठवड्यात एक टायर गुळगुळीत झाला म्हणून परत पाठवलं होतं. मालकानं बजावलं, "पुन्हा गेटवरून फोन आला तर चावी आणून दे. अन् खोली पण खाली कर." खोली त्याचीच. इथं दुसरं कुणी ओळखीचं नाही.

त्या दिवशी बायकांना घ्यायला निघालो, तर ट्रकनं दाबलं आणि डावं चाक खड्ड्यात आदळलं. उतरून पाहिलं. रिमची कड वाकलेली, टायरच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढा फुगा. स्टेपनी म्हणजे तोच गुळगुळीत टायर. हळूहळू गाडी चाचांच्या शेडपर्यंत आणली.

त्यांनी टायर उतरवला, रिमखाली लाकूड ठेवून हातोड्यानं कड सरळ केली. मी हळूच म्हणालो, "चाचा, टायर उलटा बसवा ना. फुगा आत जाईल. गेटवाला काय वाकून बघत नाही." ही युक्ती आम्हा ड्रायव्हर लोकांत सगळ्यांना ठाऊक आहे.

"डोकं चालतंय की राव. कितवी शिकला?"

"आठवी."

"बरं झालं. धावीपतुर गेला असता तर सगळ्यांनाच मारलं असतं."

फोन वाजत होता. मालकाचा. उचलायची हिंमत झाली नाही. "आजच्या दिवस, चाचा. हात जोडतो."

"मागं कोन बसतं?"

"तिघी मागं. एक पुढं."

"आतले दोरे तुटल्यात ह्याचे. आत घाल न्हाई तर बाहेर घाल, फुटायचा तो फुटनारच. मी न्हाई बसवत."

मी तिथंच एका जुन्या टायरवर बसलो. घरी फोन करून काय सांगायचं, तेच डोक्यात फिरत होतं.

चाचा जॅक घेऊन शेडमागं गेले. तिथं त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी असते. तिचं चाक काढून आणलं, त्याच मापाचा टायर सोडवून माझ्या रिमवर चढवला. हवा भरली, कडेनं साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा आला नाही.

"पण तुमची गाडी?"

"मला कुठं जायचंय आज? पळ."

बायका रस्त्यावर ताटकळल्या होत्या. एक म्हणाली, "आलास का निवांत जेवून?" मी दारं लावून गाडी काढली. गेटवर गार्डनं फेरी मारली. डाव्या चाकापाशी थांबला, बुटानं टायर दाबला, वाकून आतल्या बाजूलाही पाहिलं. मग हातानंच 'जा' म्हणाला.

दोन दिवसांनी मालकानं नवा टायर घेतला, तेव्हा चाचांचा परत द्यायला गेलो. शेजारचा चहावाला बोलून गेला, त्या दिवशी चाचींचे डोळे दाखवायला पिंपरीला जायचं होतं. दोघं बसनं गेले, उभ्यानं. मी चाचांना विचारलं, तर म्हणाले, "बस काय वाईट असती व्हय?"

कधीतरी माझी स्वतःची गाडी होईल. तेव्हा त्या दोघांना दवाखान्यात मी नेईन, दारापासून दारापर्यंत. त्यांना अजून बोललो नाही. पण नेणार.