कातीचं बटण

माझी थोरली बहीण आष्टीजवळच्या खेड्यात रेशीम अळ्या पाळते. तिच्या शेडमध्ये मी ओलावा सांभाळणारं एक यंत्र बसवलं होतं. हवा कोरडी पडली की पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर सुरू, ओल पुरेशी झाली की बंद. पण अळ्या कात टाकतात तेव्हा त्यांना कोरडी हवा लागते, आणि त्या वेळी आत कुणीही पाऊल टाकायचं नाही, हा ताईचा कायदा. म्हणून तिच्या हट्टाखातर दाराबाहेर, दाबलं की हवा कोरडी ठेवणारं, कातीचं एक बटण दिलं आणि प्रोग्राममध्ये त्याच्यासाठी एका बाइटची जागा केली.

यंदा जुनी चिप बाजारातून गायब झाली, म्हणून नवी घातली. जालन्यात माझ्या टेबलावर ती गुमान चालली. कातीचं बटण तेवढं दाबून पाहिलं नाही. टेबलावर कोण कात टाकणार?

ताईनं संध्याकाळी बटण दाबलं आणि यंत्र तिथंच गोठलं. सुरू असलेला फॉगर सुरूच राहिला. सकाळी तिच्या लक्षात आलं, तिनं बाहेरचा मेन स्विच पाडला, तोवर आत सगळं चिंब झालं होतं.

मी लॅपटॉप घेऊन पोचलो, तर ती दारात हात आडवा लावून उभी.

"आत न्हाई यायचं. लेकरं कात टाकून राह्यलीत."

"अगं ताई, यंत्र आतच हाय. वायर लावल्याबगर कसं होईल?"

"मंग थांब. उठू दे त्यांना."

बाजेवर बसून चूक शोधली. जागा वाचवायला मी सगळे आकडे स्ट्रक्चरमध्ये पॅक केले होते, म्हणजे मधे फट न ठेवता दाटीवाटीनं बसवले होते. कातीच्या त्या एका बाइटनं ओलाव्याचा चार बाइटचा आकडा मेमरीत एक घर पुढं सरकला. एरवी कंपायलर, म्हणजे माझा प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा, तो एकेक बाइट सांभाळून वाचायला लावायचा. कातीच्या वेळी मात्र मी थेट त्याचा पत्ता देऊन चारही बाइट एकदम वाचायला लावले होते. जुनी चिप कुठूनही वाचायची. नवी भारी सोवळ्यातली, चारनं भाग जाणाऱ्या घरापासूनच वाचणार, नाहीतर जागीच बसणार. उपाय दोन ओळींचा निघाला: आकडा आधी वेगळ्या, नीट जागी उतरवून घ्यायचा, मग वाचायचा.

ते केलं आणि बंद दाराकडे बघत बसलो. संताप असा आला, पण काढणार कुणावर? अळ्या आत, चिप आत आणि इलाज माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं, रोग आत जाऊ नये म्हणून, पायाला चुना लावायला लावून मला आत घेतलं. वायर लावली, नवा प्रोग्राम चढवला, बाहेर जाऊन मेन स्विच वर केला, बटण दाबून आलो. यंत्र चाललं, ओलाव्याचा आकडा बिनचूक.

"झालं बघ, बिलकुल बराबर!" मी ओरडलो.

ती रॅकपाशी होती. ओलीनं रोग धरून अळ्या पिवळ्या पडून फुगल्या होत्या आणि तुतीचा पाला तसाच पडला होता. एकेक अळी तळहातावर घेऊन, निरखून ती चुन्याच्या टोपल्यात टाकत होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पर आता हे बटण दाबायचं कुणासाठी?"

मी वायर गुंडाळत राहिलो.