सीटची उंची

कर्करुग्णांच्या मदतीसाठी काढलेल्या आमच्या चार दिवसांच्या सायकलफेरीत बुधवार पेठेतला एक मेकॅनिक कायम सर्वांत मागे असे. दमलेल्यांना धीर देणे त्याच्या स्वभावात नव्हते. "अहो, गिअर शोभेला दिलेत का?" एवढेच म्हणे.

आंबेनळी घाटात माझे गुडघे इतके दुखू लागले, की आता सोबतच्या टेम्पोत बसावे लागणार असे वाटले. त्याने सायकल पाहिली.

"सीट फार खाली आहे. वर घेतो."

"नको. सायकल बायकोची आहे. ती गेली, तेव्हापासून सीट हलवलेली नाही."

जुन्या उंचीपाशी त्याने सीटच्या दांड्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि मगच सीट वर घेतली.

"वहिनींची उंची इथे राहिली. आता आपल्या उंचीने चढा."